तोंडमिळवणी : अल्पवेतन, सांभाळ आणि अमेरिकेचे कुटुंबधोरण

शिकागो, बॉस्टन, सॅन अँटोनिओ आणि चार्ल्स्टन या अमेरिकेतील चार शहरांत १९८८ ते १९९२ या काळात ३७९ आयांचा घरखर्च अगदी पैपैचा लिहून घेतला गेला. सगळ्याजणी कमी उत्पन्नाच्या आणि एकटीने मुले वाढवणाऱ्या. त्यांतल्या २१४ जणी सरकारी मदतीवर राहत होत्या. अमेरिकेत या मदतीला नुसते ‘वेल्फेअर’ म्हणतात. उरलेल्या १६५ जणी तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या करत होत्या. हिशेब लिहून घेणाऱ्या दोघी म्हणजे समाजशास्त्रज्ञ कॅथरिन एडिन आणि मानवशास्त्रज्ञ लॉरा लीन. त्यांचे पुस्तक ‘मेकिंग एंड्स मीट’ १९९७ मध्ये रसेल सेज फाउंडेशनने प्रसिद्ध केले. त्या नावासाठी मराठीत शब्द शोधावा लागत नाही: तोंडमिळवणी. महिनाअखेर जमेचे तोंड खर्चाच्या तोंडाला कसे मिळते, हा या संशोधनाचा प्रश्न होता.

हिशेब असा निघाला. सरकारी मदतीवरच्या आईचा महिन्याचा सरासरी खर्च ८७६ डॉलर. जमेला रोख मदतीचे ३०७, फूड स्टॅम्पचे, म्हणजे अन्नासाठीच्या सरकारी कुपनांचे, २२२ आणि अपंगांसाठीच्या भत्त्यातून सरासरी ३६; एकूण ५६५. नोकरी करणाऱ्या आईचा खर्च १,२४३ डॉलर आणि मुख्य नोकरीचा पगार ७७७. म्हणजे पहिलीला दरमहा ३११ डॉलर कमी पडत आणि दुसरीला पगारापलीकडे ४६६ डॉलर उभे करावे लागत. त्या काळच्या राजकीय वादात एक बाजू म्हणत होती की मदत घेणाऱ्या बायका सरकारच्या जिवावर चैन करतात. दुसरी बाजू त्यांना अगतिक म्हणून दाखवत होती. कामाला लागले की प्रश्न सुटतो, हे मात्र दोन्ही बाजूंना बरेचसे मान्य होते. वहीत दिसले ते भलतेच. कामाला जाणारीची तूट घरी राहणारीपेक्षा मोठी होती, आणि वीज तोडली जाणे, औषधपाणी पुढे ढकलणे, महिन्याच्या शेवटी जेवण अपुरे पडणे असले प्रसंग तिच्या घरी कमी नव्हते.

ही वही भरून घेणे सोपे नव्हते, आणि या अभ्यासाचे खरे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. मदत घेणाऱ्या आईने बाहेरून चार पैसे मिळवले तर ते कचेरीत कळवणे बंधनकारक होते. कळवले की काही महिन्यांच्या सवलतीनंतर मदतीतून जवळजवळ तेवढीच रक्कम कापली जाई. न कळवणे हा गुन्हा. अशा स्थितीत दारात वही घेऊन उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कोणती बाई खरे उत्पन्न सांगेल? सरकारी पाहण्यांत गरीब कुटुंबांचा खर्च त्यांच्या उत्पन्नापेक्षा जास्त दिसतो, हे अर्थतज्ज्ञांना ठाऊक होते. आकड्यांतली चूक म्हणून ते त्यावरून पुढे जात. एडिन त्या वेळी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्रिस्टोफर जेन्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत होत्या. त्यांनी प्रश्नांचा क्रम उलटा केला. उत्पन्न शेवटी विचारायचे, आधी खर्च. भाडे किती, वीज किती, मुलाला बूट कधी घेतले, डायपरचा खर्च किती, बसचा पास कितीचा, वाढदिवसाला केक आणला का. बेरीज झाली की ती आईपुढेच ठेवायची आणि विचारायचे की मदत तर एवढीच येते, मग बाकीचे कुठून भागते? खर्च तिने स्वतःच सांगितलेला असल्यामुळे हा प्रश्न आरोपासारखा लागत नसे. दोन्ही बाजू जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा जाऊन बोलायचे. पहिली ओळख त्या वस्तीत विश्वास असलेल्या कुणाकडून तरी करून घेतलेली असे, आणि खरी नावे कुठेच लिहिली जात नसत. किराणा दुकानातली उधारीची वही ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या पद्धतीतला शहाणपणा वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

तूट भरून निघत होती तीन वाटांनी. पहिली वाट माणसांची: आई, बहीण, मित्र, मुलांचे वडील. दुसरी वाट लपवून केलेल्या कामाची: कुणाची साफसफाई, कुणाचे केस विंचरून देणे, शेजारणीची मुले सांभाळणे, क्वचित बेकायदा धंदेही. तिसरी धर्मादाय संस्थांची, आणि ती सर्वांत बारीक. मुलांच्या वडिलांच्या बाबतीत कायद्याने एक विचित्र गुंता करून ठेवला होता. बापाने रीतसर पोटगी भरली तर ती सरकारजमा होई, आईला दिलेल्या मदतीची भरपाई म्हणून; त्यातले महिन्याला फक्त ५० डॉलर आईच्या हाती पडत. साहजिकच पुष्कळ आयांनी कचेरीत बापाचा ठावठिकाणा सांगितला नाही आणि त्याच्याकडून डायपरचे पुडे, शाळेचे कपडे, थोडी रोख असे थेट घेतले. सरकारच्या दप्तरी हे बाप ‘बेपत्ता’ होते. २१४ जणींत केवळ मदतीवर महिना काढणारी जवळपास कुणी नव्हतीच. जी एक सापडली, ती करमणुकीवर काही खर्च करत नसे, कपडे मागून आणत असे; आणि शेजारपाजारच्या नजरेत ती मुलांची आबाळ करणारी आई होती.

आता नोकरी करणारीचा खर्च एवढा का वाढतो, इकडे वळायला हवे. बहुतेकींची मजुरी ताशी ५ ते ७ डॉलरच्या आसपास होती, म्हणजे तेव्हाच्या किमान वेतनाच्या वरच. गल्ल्यावर बसणे, हॉटेलातल्या खोल्या आवरणे, वृद्धाश्रमात आयाचे काम, बर्गरच्या दुकानात उभे राहणे, ही कामे. कामावर जायचे तर मूल कुठेतरी ठेवायला हवे. पाळणाघराची फी आली. बस किंवा जुनी मोटार आली. कामावर शोभतील असे कपडे आले. मदतीबरोबर ‘मेडिकेड’ ही सरकारी आरोग्य योजना मिळत असे. पगार सुरू झाला की काही काळाने ती सुटे, आणि अशा नोकऱ्यांत मालकाकडून विमा क्वचितच मिळे. सरकारी घर असेल तर उत्पन्न वाढल्याबरोबर भाडेही वाढे. हे सगळे निभावून घरी राहण्याइतकेच भागावे, तर ताशी ८ ते १० डॉलर आणि वर विमा हवा, असा आयांचा स्वतःचा हिशेब होता.

मग ज्या १६५ जणी नोकरीत टिकल्या होत्या, त्या कशा? धोरणकर्ते त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत की या करू शकतात तर त्या का नाहीत. एडिन आणि लीन यांनी यांचीही घरे तपासली. कुणाची आई मुलांना फुकट सांभाळत होती, कुणाची बहीण खाली राहत होती, कुणाला भाडे द्यावे लागत नव्हते, कुणाची मुले शाळेत जाण्याएवढी मोठी आणि तब्येतीने धड होती. नोकरी टिकण्यात जिद्दीचा वाटा असेलच. पण घरात सांभाळणारे दुसरे माणूस असणे ही त्याआधीची अट होती. अशा आजीचा पगार कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. तो लिहिला, तर मुलीच्या ७७७ डॉलरमधून आजीला द्यायला फारसे काही उरत नाही. संशोधनाचा हा निष्कर्ष पुढच्या तीस वर्षांच्या कुटुंबधोरणाच्या चर्चेला पुरून उरला आहे, आणि तरीही कायदा करताना तोच सर्वांत सहज विसरला जातो.

आणखी एक गोष्ट या आयांच्या बोलण्यात सतत येत होती. रात्रपाळी असलेली आई दहा वर्षांच्या मुलाला गोळीबार होणाऱ्या वस्तीत एकटा सोडून जाते, तेव्हा ती चांगली नोकरदार असेल, पण चांगली आई आहे का? बहुतेकींचे उत्तर नाही असे होते. काम आणि मदत यांतली निवड आळसाच्या हिशेबाने होत नव्हती. मुलाच्या जिवाची राखण कशाने होईल, हा तो हिशेब होता.

आईने घरी राहावे की कामाला जावे, या प्रश्नावर अमेरिकी राज्यसंस्थेचे मत एका शतकात पुरते फिरले. इलिनॉय राज्याने १९११ मध्ये पहिला राज्यव्यापी ‘मातृ-निवृत्तिवेतन’ कायदा केला. भूमिका अशी की विधवेने मोलमजुरीला जाऊ नये, मुलांना घरी वाढवावे आणि त्यासाठी तिला पैसे मिळावेत. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने हीच कल्पना केंद्राच्या पैशातून देशभर नेली. पण ‘पात्र’ आई कोण, हे राज्ये ठरवत. दक्षिणेत कापसाच्या हंगामात काळ्या आयांची मदत थांबवली जाई. घर ‘योग्य’ नाही असा शेरा मारून नावे कापली जात. लुइझियानाने १९६० मध्ये अशा नियमाखाली सुमारे २३,००० मुलांची मदत एका फटक्यात बंद केली. घरात पुरुष आढळला की मदत बंद, हा अलाबामाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केला. विधवांच्या जागी घटस्फोटिता आणि अविवाहित आया येत गेल्या, गोऱ्यांबरोबर काळ्या आयाही हक्काने मदत मागू लागल्या, आणि आईने घरीच असावे हा आग्रह त्याच सुमारास विरत गेला. हा योगायोग मानणे अवघड आहे.

१९६६ मध्ये उभी राहिलेली नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशन ही मदत घेणाऱ्या आयांचीच संघटना होती. तिच्या नेत्या जॉनी टिलमन यांनी १९७२ मध्ये ‘मिस’ मासिकात लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. मुले वाढवणे आणि घर चालवणे हे काम आहे, त्याचा जगण्यापुरता मोबदला बायकांना द्यावा, अशी त्यांची मागणी होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची त्याआधीच्या डिसेंबरातली कृती नेमकी उलट्या टोकाची होती. देशभर पाळणाघरे उभारण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले होते. कुटुंबसंस्था दुबळी होईल असे सांगून निक्सन यांनी ९ डिसेंबर १९७१ रोजी ते नाकारले. मदत घेणाऱ्या आणि सहा वर्षांखालील मूल नसलेल्या आयांनी कामासाठी नाव नोंदवलेच पाहिजे, ही दुरुस्ती त्याच महिन्यात कायदा झाली. मूल सांभाळायला सरकार येणार नाही आणि आईने कामाला जायचे, हे दोन्ही निर्णय एकाच महिन्यात झाले. नंतरचे धोरण याच दोन निर्णयांवर उभे राहिले.

त्याचे शेवटचे टोक म्हणजे २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेला कायदा. साठ वर्षांची हक्काची मदत संपली. तिच्या जागी ‘तात्पुरती मदत’ आली: आयुष्यात एकूण पाच वर्षांची मर्यादा, आठवड्याला ३० तास काम, मूल सहा वर्षांखालील असेल तर २० तास. केंद्राने राज्यांना द्यायची रक्कम वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलर अशी ठरवून टाकली, आणि महागाई वाढली तरी ती वाढायची नाही. खुद्द प्रशासनातले पीटर एडलमन आणि मेरी जो बेन यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. समाजशास्त्रज्ञ शॅरन हेज यांनी नंतर कचेऱ्यांत बसून या कायद्याचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला. २००३ मधले त्यांचे ‘फ्लॅट ब्रोक विथ चिल्ड्रन’ त्यावर आहे. कायद्याचा आरंभ विवाहाच्या महतीने होतो आणि त्याची अंमलबजावणी जवळजवळ सगळी नोकरीच्या तासांभोवती फिरते, हा विरोध त्यांनी दाखवला. कुटुंब हवे असे म्हणणारा कायदा कुटुंबात लागणारा वेळ मोजत नव्हता.

पहिल्या काही वर्षांत यशाचे आकडे भराभर आले. मदत घेणारी कुटुंबे १९९४ मध्ये सुमारे पन्नास लाख होती. २००० पर्यंत ती निम्म्याहून कमी झाली. अविवाहित आयांमधले नोकरीचे प्रमाण झपाट्याने वाढले. तेजीचा काळ होता, आणि पगारदार गरिबांना करपरताव्यातून मिळणारी रक्कम १९९३ पासून बरीच वाढली होती. श्रेय कुणाचे किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. तेजी ओसरल्यावर मात्र मदतीची वाट पुन्हा उघडली नाही. मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी १९९६ मध्ये ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती; २०१४ मध्ये २३ कुटुंबांना.

एडिन यांनी यानंतर आपली वही वेगवेगळ्या दिशांनी वाढवली. मारिया केफालास यांच्याबरोबरचे ‘प्रॉमिसेस आय कॅन कीप’ (२००५) फिलाडेल्फिया परिसरातल्या १६२ आयांच्या मुलाखतींवर उभे आहे. या आयांना लग्न नको होते असे नाही. लग्न ही फार मोठी गोष्ट म्हणून त्या ते लांबवत होत्या, आणि मूल मात्र थांबवत नव्हत्या. टिमोथी नेल्सन यांच्याबरोबर २०१३ मध्ये त्यांनी बापांची बाजू लिहिली. धोरणाच्या वर्तुळात सर्वाधिक खळबळ उडवली ती ल्यूक शेफर यांच्याबरोबरच्या २०१५ च्या पुस्तकाने. मुले असलेली सुमारे पंधरा लाख अमेरिकी कुटुंबे २०११ मध्ये कोणत्याही एका महिन्यात माणशी दिवसाला दोन डॉलरपेक्षा कमी रोख उत्पन्नावर दिवस काढत होती, असा त्याचा दावा होता. फूड स्टॅम्प होते, पण त्यांनी भाडे भरता येत नाही. म्हणून ते निम्म्या किमतीला विकणे, रक्तातला प्लाझ्मा विकणे, रिकामे डबे गोळा करणे असे मार्ग लोक काढत होते.

या दाव्याला अर्थतज्ज्ञ ब्रूस मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आव्हान दिले. पाहणीतली उत्तरे सरकारी नोंदींशी जोडून पाहिली, तर त्या दोन डॉलरखालच्या कुटुंबांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तेवढी गरीब नव्हती, असे त्यांना आढळले. लोक पाहणीत उत्पन्न कमी सांगतात, हे ज्या संशोधिकेने वस्त्यांत फिरून सिद्ध केले, तिच्याच पुढच्या पुस्तकावर त्याच मुद्द्याने घाव बसावा, ही या विषयातली एक कडवट गंमत आहे. टीका बिनमहत्त्वाची नाही. पंधरा लाखांचा आकडा आता जपूनच वापरावा लागतो. पण मायर यांच्या दुरुस्तीत मोजले गेले ते बरेचसे वस्तुरूप साहाय्य, न सांगितलेला पगार आणि मालमत्ता. हातात रोकड नसणे म्हणजे काय, याचे पुस्तकातले वर्णन त्याने खोटे ठरत नाही.

सांभाळाची जी नोंद वहीत नसते, ती कुणाच्या नावावर पडते, याचा माग समाजशास्त्रज्ञ लिसा डॉडसन यांनी बॉस्टन परिसरात वर्षानुवर्षे काढला. जिलियन डिकर्ट यांच्याबरोबर २००४ मध्ये त्यांनी गरीब घरांतल्या मुलींच्या घरकामावर लिहिले. आई दोन पाळ्या करते तेव्हा थोरली मुलगी धाकट्यांना उठवते, भरवते, शाळेत पोहोचवते, आजारी भावंडासाठी स्वतःची शाळा बुडवते. शाळेच्या दप्तरी ती अनियमित विद्यार्थिनी असते. कामगार खात्याच्या दप्तरी तिची आई यशस्वी नोकरदार असते. एकाच घरातल्या या दोन नोंदी कुठल्याही कचेरीत शेजारी ठेवल्या जात नाहीत. आजी नसलेल्या घरात आजीचे काम लेकीवर येते, आणि त्याची किंमत तिच्या शिक्षणातून वसूल होते.

डॉडसन यांच्या ‘द मॉरल अंडरग्राउंड’ (२००९) या पुस्तकाचा विषय आणखी अनपेक्षित आहे. अल्पवेतनी कामगारांवर देखरेख करणाऱ्या मधल्या फळीच्या माणसांशी त्या बोलल्या: दुकानाचे व्यवस्थापक, दवाखान्यातले कर्मचारी, शिक्षक. त्यांतले काहीजण गुपचूप नियम मोडत होते. कुणी मुलाला दवाखान्यात न्यायला गेलेल्या बाईची हजेरी चालू ठेवली, कुणी हिशेबात थोडे तास वाढवले, कुणी दुकानातले अन्न किंवा कपडे तिच्या पिशवीत घातले, कुणी कागदपत्रात आजार वेगळा लिहिला म्हणजे उपचार मिळतील. हे लोक स्वतःला क्रांतिकारक समजत नव्हते. या पगारात मूल वाढवता येत नाही हे त्यांना रोज समोर दिसत होते, आणि त्याचा भागीदार होणे त्यांना जड जात होते. सगळेच असे नव्हते. आयांना बेजबाबदार ठरवणारे अधिकारीही पुस्तकात भरपूर आहेत. एडिन यांच्या आया लपवाछपवी करून तोंडमिळवणी करत होत्या. इथे त्यांचे वरिष्ठच त्या लपवाछपवीत सामील झालेले दिसतात.

कामाच्या वेळांचा प्रश्न दरम्यान अधिक बिकट झाला. गिऱ्हाइकांच्या गर्दीप्रमाणे पाळ्या लावणारी संगणकप्रणाली आल्यापासून उद्याची पाळी आज रात्री कळते, गर्दी नसली तर अर्ध्या पाळीतून घरी पाठवले जाते. पाळणाघर मात्र महिन्याची फी घेते. डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांच्या ‘शिफ्ट प्रोजेक्ट’ने २०१६ पासून दुकाने आणि खानावळींतल्या कामगारांकडून याची माहिती मोठ्या प्रमाणावर गोळा केली आहे. सिअ‍ॅटलने आणि ऑरेगन राज्याने पाळ्या आगाऊ कळवण्याचे कायदे केले. केंद्रीय कायदा झाला नाही.

आतापर्यंत बोललो ते पगारी काम करता करता घरी सांभाळ करणाऱ्यांबद्दल. सांभाळ हेच ज्यांचे पगारी काम, त्यांची गोष्ट याला जोडूनच येते, कारण अमेरिकेतल्या सर्वांत कमी पगाराच्या कामांत ते मोडते. १९३८ च्या किमान वेतन कायद्याने घरकामगार आणि शेतमजूर वगळले. दक्षिणेत या दोन्ही कामांत मोठ्या संख्येने काळी माणसे होती. १९७४ मध्ये घरकामगारांना आत घेतले, पण वृद्ध आणि आजारी माणसांना ‘सोबत’ करणाऱ्यांना पुन्हा बाहेर ठेवले. न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षे हे काम केलेल्या जमैकाच्या एव्हलिन कोक यांनी जादा तासांच्या मजुरीसाठी आपल्या कंपनीवर दावा लावला. त्या रुग्णांना आंघोळ घालत, जेवण करून देत, कधी चोवीस तास थांबत. सर्वोच्च न्यायालयाने जून २००७ मध्ये एकमताने निकाल दिला की सरकारचा नियम वैध आहे आणि त्यांना जादा मजुरी देणे लागत नाही. २००९ मध्ये कोक वारल्या. २०१३ मध्ये सरकारने नियम बदलला, न्यायालयीन झगड्यानंतर तो २०१५ मध्ये लागू झाला, आणि जुलै २०२५ मध्ये कामगार खात्याने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. ‘सोबत’ हा शब्द इथे फार महाग पडला आहे. म्हाताऱ्या माणसाला उचलून कूस बदलवणे, औषधे वेळेवर देणे, रात्र जागून काढणे याला सोबत म्हटले की ते काम राहत नाही, आपुलकी होते. आणि आपुलकीला जादा तास लागू होत नाहीत.

आई स्वतः बाळंत झाली किंवा मूल आजारी पडले तर रजा मिळावी, यासाठी १९९३ चा कायदा आहे. तो १२ आठवड्यांची रजा देतो, बिनपगारी, आणि तीही पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षभर पुरेसे तास भरलेल्यांना. देशातल्या दर दहा कामगारांपैकी चारांहून अधिक त्याच्या बाहेर राहतात, आणि आत असलेल्यांतही बिनपगारी रजा परवडणारे वेगळे. कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये पगारी कौटुंबिक रजेचा कायदा केला. तो २००४ मध्ये अमलात आला आणि मग मोजक्या राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर थांबलेले आहे.

करोनाच्या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुलांसाठीची करसवलत २०२१ मध्ये वाढवून सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला ३,६०० आणि त्यावरच्या मुलामागे ३,००० डॉलर केली. महत्त्वाचा बदल रकमेपेक्षा अटीत होता. आधी ही पूर्ण सवलत मिळायला पुरेसा पगार असावा लागे, म्हणून सर्वांत गरीब मुले तिच्या बाहेर राहत. आता पगार शून्य असला तरी ती मिळू लागली, आणि निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा बँकेत जमा झाली. सरकारी साहाय्य धरून मोजलेले बालदारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. मुदतवाढ सिनेटमध्ये अडकली. दोन्ही पक्षांच्या पन्नास-पन्नास अशा समसमान बळात एका सदस्याचा नकार पुरेसा ठरला, आणि त्या वादातही मुख्य आक्षेप आईबापांना कामाची अट नाही हाच होता. २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्के झाले.

वहीतली नोंद उलट्या बाजूने भरण्याचा एक प्रयत्न सध्या मिशिगन राज्यात सुरू आहे. फ्लिंट शहरात जानेवारी २०२४ पासून प्रत्येक गरोदर स्त्रीला १,५०० डॉलर आणि बाळ झाल्यावर वर्षभर दरमहा ५०० डॉलर मिळतात. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कामाची अट नाही, बापाचे नाव विचारले जात नाही. योजनेच्या प्रमुख बालरोगतज्ज्ञ मोना हॅना आहेत. फ्लिंटच्या पाण्यातले शिसे मुलांच्या रक्तात उतरल्याचे त्यांनीच २०१५ मध्ये दाखवून दिले होते. त्यांचे सहसंचालक म्हणजे दोन डॉलरच्या पुस्तकाचे सहलेखक ल्यूक शेफर. पैसा काही खासगी दानातून येतो, आणि काही १९९६ च्या कायद्याने राज्यांना ठरवून दिलेल्या त्या साडेसोळा अब्जांतल्या मिशिगनच्या वाट्यातून.